बेर्गन-बेल्सन: सुटकेनंतरचे दिवस

हॅनोव्हरहून आगगाडीने त्सेले आणि तिथून बसने बेर्गन-बेल्सन, जर्मनीतली नाझींची एकेकाळची छळछावणी. छळछावणी म्हटलं की बराकी आणि काटेरी तारा डोळ्यांपुढे येतात. इथे त्यातलं काहीच उभं नाही. उवांमधून पसरणारा टायफस रोखायला ब्रिटिश सैन्यानेच बराकी जाळल्या, शेवटची 21 मे 1945 रोजी. आता नुसतं माळरान आणि त्यावर गवत चढलेले लांबच लांब उंचवटे.

एका उंचवट्याच्या दगडी कठड्यावर जर्मनमध्ये कोरलंय, 'येथे 5000 मृत विसावले आहेत. एप्रिल 1945.' नाव एकाचंही नाही. कठड्याच्या कडेला लोकांनी ठेवलेले बारीक खडे होते, काहींवर शेवाळ धरलेलं. पुढच्या उंचवट्यावर आकडा 1000.

15 एप्रिल 1945 ला ब्रिटिश सैन्य इथे शिरलं ते लढाई करून नव्हे. साथ बाहेर पसरेल या भीतीने जर्मन अधिकाऱ्यांनीच बोलणी करून छावणी त्यांच्या ताब्यात दिली होती. आत जवळपास 60,000 माणसं जिवंत होती आणि सुमारे 13,000 प्रेतं उघड्यावर पडलेली. ती उचलून पुरण्याचं काम आधी पहारेकऱ्यांकडूनच करून घेतलं. तेही पुरेना, तेव्हा बुलडोझर आणावे लागले.

त्या सैनिकांच्या आठवणींमध्ये छावणी दिसण्याआधी येणाऱ्या दुर्गंधीचा उल्लेख वारंवार येतो. माझ्या मनात मात्र रुतून बसली ती खाण्याची गोष्ट. त्या पोरांनी आपल्या शिध्यातले मांसाचे डबे, चॉकलेटं, जे होतं ते देऊन टाकलं. उपाशी आतड्यांना ते झेपलं नाही आणि ते खाऊन माणसं गेली. सैनिकांना दोष कसा द्यायचा? भुकेला समोर उभा असताना हातातला घास कोण मागे घेईल?

मग डॉक्टरांनी दूधपावडर, साखर वगैरे घालून केलेलं एक पातळ मिश्रण द्यायला सुरुवात केली. त्याचं नाव 'बंगाल फॅमिन मिक्श्चर'. हो, आपल्या 1943 च्या बंगालच्या दुष्काळातलं! तिथे लाखो माणसं अन्नावाचून मेली आणि ज्या सरकारने त्यांना वेळेवर धान्य दिलं नाही, त्याच्याच सैन्याला तो अनुभव इथे कामी आला. मला याचा संताप आला, अजूनही येतो. कैद्यांनाही ते फार गोड लागायचं, अनेकांच्या घशाखाली उतरेना.

लंडनहून वैद्यकीय शिक्षण घेणारे सुमारे शंभर विद्यार्थी आले. बराकीबराकींतून फिरून ते हाताने भरवू लागले. तरीही सुटकेनंतर सुमारे 14,000 माणसं दगावली. आजार आणि उपासमारीने शरीरं आधीच संपली होती.

बहुतेक जण डायरीमुळे जगाला माहीत झालेली ॲन फ्रँक आणि तिची बहीण मार्गोट यांच्या स्मृतिशिळेपाशी थांबून परततात. तुम्ही गेलात तर संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस ठेवा. प्रवेशशुल्क नाही. ब्रिटिश लष्कराच्या कॅमेरामननी त्याच दिवसांत टिपलेलं चित्रण तिथे बघायला मिळतं. लहान मुलांना मात्र ते दाखवू नका.