बुरुजाच्या पायथ्याशी

सकाळी साडेदहाला प्लेटेस्ट, म्हणजे आमच्या गेमची खेळून बघायची चाचणी, सुरू झाली आणि आठव्या मिनिटाला माझी खिंड पडली.

मी गेमसाठी लेव्हल्स रचते. आमच्या काल्पनिक राज्यात दोन प्रांतांना जोडणारा एकच गाडीरस्ता आहे. तो ज्या खिंडीतून जातो तिच्या तोंडाशी दोन बुरूज आणि मध्ये दरवाजा. तीन आठवडे मी त्यांच्यात बुडून गेले होते. नव्वद फूट उंच, चौकोनी, माथा धुक्यात. वळणावरून ते दिसले की छातीत धस्स व्हायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लुटारूंच्या बाजूनं खेळणारा मुलगा समोरून आलाच नाही. अंधारात तो कड्याला चिकटून डाव्या बुरुजाच्या पायथ्याशी पोचला आणि कोपऱ्यात बसला. वरून बाण सुटत होते, ते त्याच्या डोक्यावरून जाऊन रस्त्यात रुतत होते. त्यानं निवांत सरपण रचलं, दाराला आग लावली आणि आत गेला.

पहारेकऱ्यांच्या नजरेच्या कोडमध्ये घोळ असेल असं मला आधी वाटलं. प्रोग्रामरनं तपासलं, कोड चोख होता. पहारेकऱ्यांना तो खरंच दिसत नव्हता.

मग मी कॅमेरा खाली आणला आणि पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या बुरुजाच्या आत उभी राहिले. आठ फूट जाड भिंत, तिच्यात बाण सोडायची चार बोटं रुंदीची फट, म्हणजे जंगी, आतबाहेर तेवढीच अरुंद. तिच्यातून रस्त्याची एक पट्टी दिसत होती, दोरीएवढी. धनुष्य घेऊन उभं राहायला जागाच नव्हती. वर गच्चीवर गेले. तिथून खालचं बघायचं तर कठड्यावरून कंबरेपर्यंत बाहेर वाकावं लागत होतं, म्हणजे शत्रूच्या तिरंदाजाला आयतं सावज. उंचीचा उलटाच परिणाम झाला होता: त्या जाड कठड्याआडून बुरूज जितका उंच, तितकी पायथ्याची आंधळी जागा मोठी.

मला वाईट वाटलं ते हरल्याचं नाही. त्या भिंतीआड माणसं उभी राहणार, हा विचार मी तीन आठवड्यांत एकदाही केला नव्हता, याचं वाटलं.

दुपारचं जेवण तसंच राहिलं. मी खऱ्या किल्ल्यांचे नकाशे काढून बसले. वेल्समधल्या कार्नार्वनच्या किल्ल्याचं काम 1283 मध्ये सुरू झालं. त्याच्या मुख्य प्रवेशासाठी पाच दारं आणि वरून खाली पडणारे सहा जाळीदार दरवाजे योजले होते. ते सगळं कधी पुरं झालं नाही, पण आराखड्यात शत्रूला मध्येच काटकोनात वळायला लावलं आहे. सीरियातल्या क्रॅक दे शेव्हालिएच्या वाटेलाही असंच तीव्र वळण आहे. वळणावर धावत्या जमावाचा जोर मोडतो आणि ओंडक्यानं दार फोडायला लांब धाव मिळत नाही.

मी दोन्ही बुरूज साठ फुटांवर आणले. आर्ट टीमचा प्रमुख हळहळला, आणि त्याचं चुकीचं नव्हतं. क्षितिज उघडं पडलं खरं. पण बुरूज तटाच्या पुढे काढून गोल केले, दार त्यांच्या मध्ये खोल आत नेलं. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याला आडोसा मिळतो, शिवाय खाली सुरुंग खणला तर तोच आधी ढासळतो. जंग्या बाहेर अरुंदच ठेवल्या, आतल्या बाजूला ऐसपैस फाकवल्या. सगळ्यात महत्त्वाच्या ठरल्या त्या बुरुजांच्या आतल्या कुशीतल्या जंग्या. तिथून डाव्या बुरुजाला उजव्याचा पायथा दिसू लागला आणि उजव्याला डाव्याचा. आपापला पायथा कुणालाच दिसत नाही, तो शेजाऱ्यानं सांभाळायचा. दारावरच्या छतात भोकं पाडली. वरून दगड टाकता येतात आणि दार पेटवलं तर पाणीही ओतता येतं.

संध्याकाळी तोच मुलगा पुन्हा खेळायला बसला. कड्याला धरून डाव्या बुरुजाशी आला, बसला. पहिला बाण समोरून, उजव्या बुरुजातून आला आणि त्याच्या खांद्यात घुसला. तो दचकून दाराकडे सरकला, मान वर केली. छतातल्या भोकांतून मशालीचा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता.

त्यानं हातातलं सरपण खाली टाकलं आणि आला तसा रस्त्यानं मागे पळाला.