गोळ्यांची पिशवी

साताऱ्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाच ते अकरा तव्यापुढे उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा दोन-तीन तास. पन्नाशी उलटली आणि उजवा गुडघा दुखायला लागला. एक्स-रेत कूर्चा झिजल्याचं दिसलं. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, दिवसातून दोनदा, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी मी एका पायरीवर एक पाय टाकत सरळ जिना चढून गेले. वर पोचल्यावर डोळ्यांत पाणी आलं. त्या गोळीने मला दिलेला आराम खरा होता, हे मी आजही मानते.

दहा दिवस संपले आणि गुडघ्याने पुन्हा धरलं. मेडिकलमध्ये रिकामं पाकीट दाखवलं, नवं मिळालं. असे आठ महिने गेले. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही पुन्हा डॉक्टरांकडे गेले नाही. भरल्या पोटी घेते, सोबत ॲसिडिटीची गोळी घेते, मग काय होणार, असं वाटायचं.

दिवाळीच्या ऑर्डरींच्या धावपळीत पाय सुजले. उभ्याचं काम, सुजणारच, म्हणून सोडून दिलं. मग चपलेचा पट्टा रुतायला लागला. बीपीची गोळी एकदाही चुकवली नव्हती, तरी बीपी १७०/१०० निघालं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "ताई, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या एका पिशवीत घालून उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. गुडघ्याच्या गोळ्या होत्याच, शिवाय कंबर धरली की मी अधूनमधून घ्यायचे ती डायक्लोफेनॅकची पट्टी. दोन्ही शेजारी ठेवून ते म्हणाले, "या दोघी एकाच घरातल्या. तुम्ही एकाच जातीचं औषध दोन नावांनी घेत होता." मग त्यांनी बीपीची गोळी उचलली. तिच्यात टेल्मिसार्टन होतं आणि लघवी वाढवणारं औषधही. ती उलटसुलट करून पाहत ते बराच वेळ गप्प राहिले.

पुढे त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन वहीत उतरवलं. सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात, आणि ही औषधं ती कमी करतात. पण तीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराला जपतात, किडनीकडे रक्त नेणारी वाटही मोकळी ठेवतात. दुखण्याच्या गोळीने किडनीत येणारी वाट अरुंद होते, टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी वाट सैल होते आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणीच कमी होतं. तिन्ही एकदम झालं की किडनीतला दाब पडतो. ॲसिडिटीची गोळी पोटाला सांभाळते, किडनीला नाही. भरल्या पोटाचंही तसंच. जळजळ कमी होते, पण औषध रक्तात जाऊन परिणाम करतं, त्यामुळे अल्सरचा धोका राहतोच. शौच डांबरासारखी काळी झाली होती का, हे त्यांनी दोनदा विचारलं; पोटात रक्तस्राव झाल्याची ती खूण. सुदैवाने तसं झालं नव्हतं.

रक्त तपासलं. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.८ आलं. आदल्या वर्षी ०.९ होतं. दुखण्याच्या दोन्ही गोळ्या त्याच दिवशी बंद.

शेजारच्या काकूंची एटोरिकॉक्सिब "पोटाला सोसते" असं ऐकलं होतं, म्हणून ती चालेल का विचारलं. पोटाला त्रास कमी, पण किडनीला तीच भीती आणि हृदयालाही जपावं लागतं, असं उत्तर मिळालं. त्याच जातीचं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली जगभरातल्या बाजारातून परत घ्यावं लागलं होतं.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. रात्री कूस बदलताना जाग यायची. पॅरासिटामॉलवर भागवलं. फिजिओथेरपिस्ट मुलीने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला, दहा अंक मोजायला शिकवलं. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. फरक कळायला दोन महिने लागले. तव्यापुढे उंच स्टूल आणलं आणि वजन ७४ वरून ६९ वर आणलं. क्रिएटिनिन आधी १.३ झालं, मग १.० वर आलं. त्यानंतर डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं जेल लावायला परवानगी दिली, कारण कातडीतून रक्तात फार थोडं औषध जातं.

मध्यंतरी पुतण्याचा फोन आला. त्याला मणक्याचा संधिवात आहे, आणि त्या दुखण्यात उपचाराची सुरुवातच या गटातल्या गोळ्यांनी होते. माझं ऐकून तो घाबरला आणि गोळी सोडायला निघाला. मी त्याला रागावलेच. त्याचं वय, त्याचा आजार वेगळा आहे, डॉक्टर त्याची रक्ततपासणी ठरावीक काळाने करतात. त्याने मनाने गोळी सोडली असती तर कणा आणखी आखडला असता.

गेल्या पावसाळ्यात गुडघा पुन्हा सुजला. मेडिकलमधल्या मुलाने सवयीने जुनं पाकीट पुढे केलं. मी पर्समधली चिठ्ठी त्याला वाचायला दिली: बीपीचं औषध चालू आहे, किडनीला एकदा त्रास झाला आहे. त्याने पाकीट आत ठेवलं आणि जेलची ट्यूब काढून दिली.