पाच रिळं, एकशेवीस सिनेमे

“रिळांचा क्रम चुकला की पब्लिक ऑपरेटरला सोडायचं नाही!” जुन्या थिएटरांच्या गप्पांत आज कुणीतरी म्हणालं आणि एरिक लोकेन डोक्यात घोळत राहिला.

नॉर्वेचा दिग्दर्शक, मूळचा जॅझवाला. आजचा नॉर्वेजियन दिग्दर्शक योआकिम ट्रिअर, त्याचा आजोबा. पूर्ण लांबीचे चित्रपट दोनच. पहिला, १९५९चा, कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. दुसरा १९७२चा, पाच रिळांचा. कुठलंही रीळ कधीही लावा! ५×४×३×२×१, म्हणजे १२० क्रम.

ऐकायला गंमत, करायला कठीण. रीळ संपताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. ऑपरेटरने पुढचं रीळ चढवलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की चित्र त्या प्रोजेक्टरवर पालटायचं. एरवी तिथे प्रसंग सलग पुढे जातो. इथे प्रत्येक रिळाचं शेपूट उरलेल्या चारांपैकी कुठल्याही तोंडाला जुळायला हवं. ‘पुढे काय झालं’ यावर गोष्ट टांगली की खेळ खलास.

विषयही चतुर: राजकीय सिनेमा काढणारं एक युनिट. शूटिंग तसंही क्रमाने कुठे होतं!

आता सिनेमा फाइलवर येतो. पाच तुकडे आजही पिसता येतील, पण तेवढी तसदी कोण घेणार?