सराफाच्या काट्यावर तोललेला बाण

आमच्या तिरंदाजी अकॅडमीत कंपाउंड (दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य) शिकलेला एक पोरगा आता डेन्व्हरला नोकरीला आहे, मागच्या मे मध्ये सुट्टीला सोलापूरला आला आणि भर उन्हात बाणांचा गठ्ठा घेऊन डायरेक्ट रेंजवर. म्हणला सर, सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचंय, बाण आणि धनुष्याचं सगळं सामान तुम्हीच फायनल करून द्या.

मी जरा गप्पच झालो. इथं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यामुळं मन लगेच तयार होईना. पण तिकडं लायसन काढून रीतसर शिकार चालते आणि हा जाणार हे तर नक्की होतं. मग जनावर अर्धवट जखमी होऊन तडफडू नये एवढं तरी आपण बघायलाच पाहिजे ना.

आधी बाणाचं वजन. आमच्याकडचा काटा बिघडलेला, म्हणून गाडीवर बसून सरळ ओळखीच्या सराफाकडं गेलो. काचेच्या पेटीतल्या काट्यावर बाण आडवा ठेवला, २२.९ ग्रॅम भरला, म्हणजे ३५३ ग्रेन (बाणाचं वजन याच मापात सांगतात), पुढचा १०० ग्रेनचा पॉइंट, म्हणजे टोक, धरून. शेजारी मंगळसूत्र घ्यायला आलेल्या मावशी बघतच राहिल्या. त्याचं धनुष्य ७० पाउंडाचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो. पाउंडाला ५ ग्रेन ही साधारण खालची मर्यादा, त्याच्या खाली धनुष्यच खराब व्हायची भीती, आणि हा बाण बरोबर त्या काठावर. टार्गेटला हलका बाण चालतो हो, पण एल्कचा नर ३०० किलोच्या आसपास, जाड कातडं, फासळ्या. गोळीसारखा धक्का बाणाला नसतो, बाण कापत जातो आणि पाती फुफ्फुसापर्यंत पोचली तरच जनावर लवकर पडतं. त्यासाठी मला साडेचारशे ग्रेनच्या पुढचा बाण पाहिजे होता.

तो म्हणला, सोप्पंय की, पॉइंट २०० चा लावू. लावला. रेंजवर येऊन अकॅडमीचं धनुष्य ६० पाउंडावर सेट केलं, फ्रेमला कागद ताणला आणि त्याला दोन-तीन मीटरवरून मारायला लावलं. हलक्या बाणानं गोल भोक पाडलेलं, पिसांचे तीन काप तेवढे बाजूला. जड पॉइंटवाल्यानं कागद आडवा टराटरा फाडला, म्हणजे बाण शेपूट हलवतच चाललेला. आवाज मात्र कमी, धनुष्य एकदम शांत. पोरगं कागदाकडं बघत बसलं. त्याचा शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, ४०० स्पाइनचा (काडी किती वाकते त्याचा आकडा), पुढं वजन वाढलं की तो जास्त वाकतो, आणि ७० पाउंडावर तर अजूनच. आकडा जितका कमी तितका शाफ्ट ताठ, म्हणून ३०० चा घ्यायला सांगितला.

बाकी सामान पटकन झालं. टार्गेटचा ३० इंची स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा, झाडीत अडकणार, तिथं ८-१० इंची पुरे. पीपचं, म्हणजे दोरीतल्या नेम धरायच्या कडीचं, भोक मोठं, कारण एल्क दिसतो पहाटे नाहीतर संध्याकाळच्या अंधुक उजेडात. बाण सुटला की खाली पडणारा रेस्ट (बाण टेकवायचा आधार) चालेल, पण चढ चढताना बाण निसटू नये असा बघून घ्यायचा.

जास्त वाद झाला ब्रॉडहेडवर, म्हणजे शिकारीच्या पातीवाल्या टोकावर. त्याला उघडणाऱ्या पात्यांचं आवडलेलं, भोक मोठं पडतं म्हणून. ते खरंय, पण उघडण्यात थोडी ताकद जाते आणि तिरका लागला तर भरवसा कमी. मी फिक्स पात्यांवर अडून बसलो. कोलोरॅडोत रुंदी कमीत कमी पाऊण इंचाच्या वर, ७/८ इंच लागते आणि धारा निदान दोन, ते त्यानं फोनवर बघून खात्री केली. शेवटी तयार झाला.

निघताना एवढंच बजावलं, फील्ड पॉइंटचा, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाचा, ग्रुप चांगला आला म्हणून खूश होऊ नको, ऑगस्टमध्ये ब्रॉडहेड लावूनच सराव कर, ते डावीकडं लागत असले तर रेस्ट केसभर उजवीकडं घे, आणि जनावर आडवं उभं असल्याशिवाय दोरी सोडायचीच नाही.