घरच्या सर्व्हरसाठी मिनी पीसी: प्रोसेसर सोपा होता, पासवर्डने जीव खाल्ला

जुना, रिफर्बिश्ड मिनी पीसी घेणार असाल तर प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी कुणाची, हे सगळं नंतर. विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: बायॉसला (विंडोजच्या आधी जागी होणारी, यंत्राच्या मूळ सेटिंग ठेवणारी आतली व्यवस्था) पासवर्ड आहे का? आणि "नाही सर, काहीच नाही" यावर विश्वास ठेवू नका. बायॉस उघडून आतली पानं फिरवून दाखवणारा व्हिडिओ मागा. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथे थांबले तरी चालेल.

माझी गरज तशी साधी होती. चोवीस तास चालेल असं एक छोटं यंत्र घरात हवं. त्यावर जेलीफिन, म्हणजे बाबांना टीव्हीवर त्यांची नाटकं बघता येतील. इमिच, म्हणजे सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका जागी येतील. होम असिस्टंट, घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळायला. आणि उरलेल्या ताकदीत मला प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रणालीवर, हवे ते उद्योग. नाटकं म्हणजे एकेकाळी हौसेने घेतलेल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी, अर्धं कपाट भरून. व्हीसीडीतला व्हिडिओ एमपेग-१, डीव्हीडीतला एमपेग-२. नव्या टीव्हीवरचं ॲप हे बघून बऱ्याचदा हात वर करतं, मग सर्व्हरला ते चालता चालता दुसऱ्या फॉर्मॅटमध्ये बदलून द्यावं लागतं. हेच ट्रान्सकोडिंग. व्हीसीडीचं चित्र इतकं लहान असतं, ३५२ बाय २८८, की ते कुठलाही प्रोसेसर झोपेत बदलेल. खरी परीक्षा फोनवर काढलेल्या फोरके एचइव्हीसी (फाइल लहान ठेवणारा नवा फॉर्मॅट) व्हिडिओची. तो बाहेरगावी मोबाइल डेटावर बघायचा म्हटला की सर्व्हरला घाम फुटतो.

म्हणूनच इंटेल. भक्ती वगैरे नाही, पण इंटेलच्या प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक हे काम मुख्य कोरना फारसा त्रास न देता उरकतं आणि जेलीफिनमध्ये ते फुकट चालू करता येतं. प्लेक्स या तशाच दुसऱ्या ॲपमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपासून दहा-बिट (जास्त रंगछटांचं) एचइव्हीसी नीट उलगडता, म्हणजे डीकोड करता येतं, त्यामुळे सहाव्या पिढीचं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी मीडिया सर्व्हरसाठी घेऊ नका. एव्ही१ हा त्याहून नवा फॉर्मॅट उलगडायला अकरावी पिढी किंवा इंटेलच्याच एन१०० सारखा नवा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे एव्ही१ ची एकही फाइल नाही, म्हणून तो मुद्दा मी सोडून दिला. रास्पबेरी पाय ५ चाही विचार झाला. पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायला हार्डवेअरच ठेवलेलं नाही, त्यामुळे ट्रान्सकोडिंगचा सगळा भार कोरवर. विषय संपला.

राहिले दोन पर्याय. एक, एन१०० वाला नवा चिनी डबा. परदेशातले लोक त्याचं कौतुक करून थकत नाहीत आणि ते खरंही आहे: चार कोर, ६ वॉटचा टीडीपी (प्रोसेसरच्या वीज-उष्णतेचं माप), व्हिडिओला फर्स्ट क्लास. पण ते ज्या किमतीला घेतात ती किंमत आपल्याकडे विसरायची. अलीएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉप, टॅबलेटबरोबर अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे अगदी छोट्या आकाराच्या, संगणकांच्या आयातीवरही निर्बंध आणले. कुरियरने एक नग मागवायची मुभा आहे, पण कर भरूनच. म्हणजे इथल्या साइटवर जो भाव दिसतो त्यात हे सगळं आलेलं असतं. शिवाय एन१०० मध्ये मेमरीचं चॅनल एकच, आणि इंटेलच्या हिशोबाने कमाल १६ जीबी. मला व्हर्च्युअल मशीन चालवायच्या होत्या, म्हणून ते खटकलं.

दुसरा पर्याय म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेली एक लिटर आकाराची यंत्रं: डेलचं ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचं थिंकसेंटर टायनी, एचपीचं एलिटडेस्क मिनी. आठव्या पिढीचा आय५-८५००टी, सहा कोर, ३५ वॉटचा टीडीपी, रॅमच्या दोन खाचा. दणकट. पाचेक वर्षं कुणाच्यातरी टेबलाखाली एक्सेल चालवून कंटाळलेली. यातलंच एक मी १६ जीबी रॅमसकट एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार कुणाकडेही होऊ शकतो.

इथपर्यंत सगळं मजेत.

खोका आला. यंत्र चकाचक. वरचं जुन्या मालकाचं ॲसेट स्टिकर खरवडून काढलेलं, पण डिंकाचा चौकोन तसाच. विंडोज सुरू झालं, ॲक्टिव्हेटेड. मी रीस्टार्ट करून बायॉसची कळ दाबली आणि समोर काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र, त्याखाली एक रिकामी चौकट: ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड टाका. काहीबाही टाकून पाहिलं. तीन चुकांनंतर "सिस्टिम लॉक्ड", बटण दाबून बंद करा.

आता यात एवढं काय, असं कस्टमर केअरलाही वाटलं. म्हणून नीट सांगतो. ऑफिसात कर्मचाऱ्यांनी सेटिंगशी खेळू नये म्हणून आयटी विभाग बायॉसला पासवर्ड घालतो. यंत्रं जुनी झाली की लॉटमध्ये विकली जातात आणि पासवर्ड काढायला कुणी बसत नाही. नुसतं विंडोज वापरणाऱ्याला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. घरच्या सर्व्हरला मात्र बायॉसमधल्या दोन गोष्टी बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. पहिली, व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीनना लागणारी प्रोसेसरमधली सोय, चालू करणं. ते बंद असेल तर प्रॉक्समॉक्सवर कंटेनर (व्हर्च्युअल मशीनची हलकी भावंडं) चालतात, पण व्हर्च्युअल मशीन धड चालत नाही, म्हणजे होम असिस्टंटची पूर्ण आवृत्ती गेली. दुसरी, लाइट जाऊन आल्यावर यंत्राने आपणहून सुरू व्हावं ही सेटिंग. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पोराटोरांना ठाऊक आहे. दर गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन बटण दाबायचं असेल तर त्याला सर्व्हर कशाला म्हणायचं? माझ्या यंत्रात दोन्ही बंद होतं.

हे बायॉसमध्ये न शिरताही तपासता येतं, आणि यंत्र आल्या दिवशीच तपासा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली "व्हर्च्युअलायझेशन" समोर एनेबल्ड की डिसेबल्ड ते लिहिलेलं असतं. मग विंडोज चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभराने चालू करा. यंत्र आपोआप उठलं तर ठीक. दोन्हींचा सलग व्हिडिओ काढून ठेवा. माझ्याकडे तो होता, म्हणून पुढचं सगळं निभावलं.

फोन लावला. पलीकडून विचारणा: "सर, विंडोज चालू होतंय ना?" होतंय. "मग मशीन ओके आहे सर." तिकीट बंद. पुन्हा तिकीट. या वेळी दुसरा मुलगा, अतिशय नम्र. त्याला वाटलं मी विंडोजचा पासवर्ड विसरलोय. त्याने तो काढायची कृती पाठवली. पुन्हा तिकीट. आता उत्तर आलं, वॉरंटी हार्डवेअरवर आहे, पासवर्ड ही सॉफ्टवेअरची बाब आहे. मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी सुचवलं की झाकण उघडून बॅटरी काढा, पासवर्ड जाईल. मी म्हटलं, झाकणाच्या स्क्रूवर तुमचं सील आहे, ते तुटलं तर वॉरंटी राहील का? "नाही सर, सील तुटलं तर वॉरंटी व्हॉइड." मग उघडा असं लेखी द्या. यावर दोन निळ्या टिका आल्या आणि शांतता.

बॅटरीचा तो सल्लाही तसा जुन्या काळातला. या ऑफिसी यंत्रांत पासवर्ड बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत नसतो, वेगळ्या चिपमध्ये लिहिलेला असतो. काही मॉडेलांच्या बोर्डवर तो पुसायला जंपर (पिनांवरची छोटी टोपी) असतो, काहींत तेही नाही. मूळ कंपनीकडे जावं तर मालकीचा पुरावा मागणार, आणि आपण तिसरे-चौथे मालक. इंटरनेटवर मास्टर पासवर्ड विकणारी मंडळी आहेत, त्यांच्या नादी मी लागलो नाही. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची किल्ली चोरबाजारात का शोधायची?

दरम्यान बदलून देण्याची मुदत सरत चालली होती आणि प्रत्येक फोनवर "टेक्निकल टीम कॉलबॅक करेल" हे वाक्य. त्या टीमचा फोन कधी आला नाही. घरात चौकशी सुरू: "तो डबा चालू कधी होणार?" बाबांनी तर डीव्हीडी प्लेअर पुन्हा टीव्हीला जोडून घेतला. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तिथे मी बायॉस हा शब्दच वापरला नाही. लिहिलं: जाहिरातीत "व्हर्च्युअलायझेशन सपोर्ट" असं छापलं आहे, आलेल्या यंत्रात ते बंद आहे आणि चालू करून द्यायला विक्रेता तयार नाही. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जीएसटीचं बिल, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरचा संवाद. म्हणून सांगतो, ऑर्डर देण्याआधी जाहिरातीचं अख्खं पान जपून ठेवा, नंतर ते बदलतं. आणि तक्रार अशा भाषेत लिहा की संगणकातलं काही न कळणाऱ्यालाही "सांगितलं एक, दिलं एक" एवढं लख्ख दिसावं.

हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडे पाठवली आणि ज्या टेक्निकल टीमची मी आराधना करत होतो तिचा फोन आपणहून आला. वर्कशॉपमधला माणूस, पहिल्या वाक्यातच कळलं की याला सगळं माहीत आहे. "अहो साहेब, त्या अख्ख्या लॉटला पासवर्ड होता. आम्ही काढतो बोर्डवरून. तुमचं तेवढं राहून गेलं." म्हणजे काम त्यांच्या टेबलावरचं होतं! फक्त कस्टमर केअर आणि ते टेबल यांच्यात रस्ताच नव्हता. त्याने दुसरं यंत्र दिलं. पाठवण्याआधी बायॉस उघडून, दोन्ही सेटिंग चालू करून, मागचा सिरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ मी मागितला आणि त्याने कुरकुर न करता पाठवला. चांगला माणूस. असे लोक फोनवर का बसवत नाहीत कोण जाणे.

नवं यंत्र आलं आणि एका संध्याकाळीत प्रॉक्समॉक्स, जेलीफिन, इमिच सगळं उभं राहिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही. गुरुवारी लाइट गेली, आली, आणि मी ऑफिसात असताना फोनवर सर्व्हर हिरवा दिसला तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याला उगाच चहा पाजला.

मध्ये सांगायच्या राहिलेल्या गोष्टी आता आठवतील तशा. विजेचं: माझं यंत्र निवांत असताना प्लगमधल्या मीटरवर १० ते १२ वॉट दाखवतं, म्हणजे महिन्याला ७ ते ९ युनिट. जुना टॉवर पीसी ६० वॉट खात असेल तर तेच ४३ युनिट. महावितरणचा दर ३०० युनिटच्या पुढे उडी मारतो, आणि तुम्ही आधीच काठावर असाल तर ही सगळी युनिटं त्या वरच्या दरातच पडतात. एन१०० दोन-चार वॉट आणखी वाचवेल, पण तेवढ्यासाठी त्याच्यामागे धावू नका.

ॲडॉप्टर ओरिजिनल आहे का ते आल्याबरोबर बघा. काही ब्रँडची यंत्रं ॲडॉप्टर ओळखतात आणि अनोळखी दिसला की प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात. मग "मशीन स्लो आहे" म्हणून तुम्ही रॅम बदलत बसाल.

डिस्कचं: या डब्यांत साडेतीन इंची डिस्क मावत नाही. नाटकं-सिनेमांसाठी स्वतःचा ॲडॉप्टर असलेली मोठी बाहेरची डिस्क घ्या. यूएसबीवरच वीज घेणाऱ्या छोट्या डिस्क दोन-तीन लावल्या की त्या मध्येच गायब होतात. फोटोंची दुसरी प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात.

रॅम भरलेलंच यंत्र घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे काही चढलेत की "नंतर वाढवू" हा बेत महागात जातो.