ग्रॅनाइटचा ओटा आणि ट्रॉल्या : मापं जुळवण्याचा माझा अनुभव

ट्रॉलीवाला मिलीमीटरमध्ये बोलतो, ग्रॅनाइटचा मिस्त्री इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोघं आपापल्या कामात वाकबगार असतात, पण दगड आणि प्लाय जिथे एकमेकांना टेकतात, ती जागा दोघांपैकी कुणाचीच नसते. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमधला कडप्प्याचा ओटा काढून तिथे प्लायचे बॉक्स आणि वर ग्रॅनाइट असं काम करून घेतलं, तेव्हा सगळी वादावादी त्या जागेवरूनच झाली. ओटा एल आकाराचा, लांब बाजू ८ फूट, आखूड ५.

आधी ठरवायचं ते हे, की कोण कुणावर बसणार. कडप्प्याच्या उभ्या पाट्यांवर ग्रॅनाइट असेल तर आधी दगड, मग मधल्या खणांची मापं घेऊन ट्रॉल्या. प्लायचे बॉक्सच दगड पेलणार असतील तर आधी बॉक्स, मग त्यांच्यावरून दगडाचं माप. कडप्पा पाण्याने फुगत नाही हा त्याचा मोठा गुण, पण उभ्या पाट्या जागा खातात आणि खण सहसा एका मापाचे निघत नाहीत. आम्ही आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणारा (मरीन), १८ मिमी प्लाय घेतला. भुशाच्या बोर्डाचे बॉक्स स्वस्त पडतात; सिंकच्या आसपास मी तरी ते लावणार नाही.

सिंक, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि डिशवॉशर बॉक्सची ऑर्डर देण्याआधीच घरात आणून ठेवले. कॅटलॉगमधल्या मापावर कुणी काही कापायचं नाही, हा नियम. २४ बाय १८ इंचांचं सिंक म्हणजे ६१० मिमी रुंद. ट्रॉलीवाला सवयीने त्याखाली ६०० चा बॉक्स दाखवतो, पण दोन्ही बाजूंचा प्लाय वजा केला की आत ५६४ च उरतात. आम्ही ७५० चा बॉक्स घेतला. पुढून मागे हिशोब आणखी आवळलेला असतो. ओट्याच्या २४ इंचांतून १८ गेले की ६ उरतात, त्यातला अर्धा इंच भिंतीची टाइल झाकते, नळाला ३५ मिमीचं भोक हवं आणि सिंकच्या पुढची दगडाची पट्टी ३ इंचांपेक्षा बारीक ठेवली तर उचलतानाच मोडते. सिंक दगडाखालून लावायचं असल्यामुळे त्या बॉक्सची वरची पुढची प्लायची पट्टी आडवी न ठेवता उभी लावायला सांगितली. नाहीतर सिंकची कड तिलाच अडते.

उंचीचा हिशोब डिशवॉशरने बदलला. नेहमीचा हिशोब असा: पाय १००, बॉक्स ७२०, दगड २०, एकूण ८४० मिमी, म्हणजे ३३ इंच. सुटं डिशवॉशर साधारण ८५० मिमी उंच असतं, ते याखाली जात नाही. म्हणून पाय १४० वर नेले: ओटा ८८० आणि दगडाखाली ८६०. ५ फूट २ इंच उंचीच्या माणसाला हे जास्त वाटेल अशी शंका होती. पण कोपरापासून ४ इंच खाली हात ठेवून पाहिला तर जवळपास तिथेच येतो. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवणार असाल तर टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून १२ ते १५ मिमी जातात, ते आधीच धरा.

आणि इथेच डबल पट्टीचा विषय आला. दगड जाड दिसावा म्हणून मिस्त्री पुढच्या कडेला खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवतात. कुणाला न विचारता लावून टाकतात, कारण सगळ्यांना तीच आवडते. ती पट्टी २० मिमी खाली उतरते. मग ८६० चे ८४० होतात आणि डिशवॉशर बाहेरच राहतं. शिवाय सगळ्यात वरच्या ड्रॉवरचं शटर (पुढची फळी) उघडताना पट्टीच्या खालच्या कडेला घासतं, आणि हँडल शटरच्या वरच्या काठावर असेल तर बोटंच आत जात नाहीत. पट्टी हवीच असेल तर ट्रॉलीवाल्याला शटर कापण्याआधी सांगा, म्हणजे तो शटरचा माथा पट्टीच्या खाली आणखी ४-५ मिमी उतरवतो. आम्ही पट्टी रद्द करून साधी गोल कड घेतली. त्याऐवजी दगडाच्या खालच्या अंगाला, कडेपासून साधारण १० मिमी आत, ओट्याच्या लांबीभर बारीक खाच मारून घेतली. सांडलेलं पाणी कडेवरून खाली वळतं, त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं आणि शटरपर्यंत पोचत नाही. दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही, पण फायदा फार.

खोलीचं गणित: भिंत वाकडी असणार हे धरून मागे १० मिमी सोडले, बॉक्स ५६०, शटर आणि फट मिळून २०. बेरीज ५९०. दगड ६१०, म्हणजे शटरच्या पुढे २० मिमी. डिशवॉशरच्या मागे पाइप राहतात, त्यामुळे त्याचं दार मात्र रेषेच्या पुढे येतंच.

कोपरा काटकोनात आहे का, ते ३-४-५ ने पाहिलं: एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४, तिरकं बरोबर ५ यायला हवं. आमच्याकडे किंचित फरक होता. तेवढा टाइलखाली झाकतो, त्यामुळे बॉक्स सरळ रेषेत लावले आणि वाकडेपणा भिंतीकडे ढकलला. लेझरने लेव्हल झाल्यावरच बॉक्सवर हार्डबोर्डचे फर्मे कापले. सांधा कुठे येणार, हॉब कुठे, हे त्यावरच पेन्सिलीने आखलं.

दगड निवडताना ॲसिटोन आणि पांढरं फडकं बरोबर न्या. काळा रंग चढवलेला दगड असेल तर फडक्यावर उतरतो. जाडीही दोन-तीन ठिकाणी मोजा. २० म्हणून विकलेला दगड १७-१८ निघतो, आणि सांध्याचे दोन तुकडे कमी-जास्त जाडीचे असले तर खाली पॅकिंग घालत बसावं लागतं.

२० मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला ५ किलोच्या आसपास, म्हणजे ८ फुटी तुकडा ८० किलो. चौघांनी उभाच आणायचा, सिंकची बारीक पट्टी वरच्या बाजूला ठेवून. सरळ काप, कड आणि सिंकसाठी कापलेल्या खाचेची पॉलिश कारखान्यात. हॉबची खाच जागेवर, पाणी मारत. हॉबच्या खोक्यात मिळणारा खाचेच्या मापाचा कागदच वापरा, कारण एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या हॉबची खाच वेगळी असते. खाचेच्या चारही कोपऱ्यांवर आधी गोल भोक पाडायचं आणि मग भोकापासून भोकापर्यंत कापायचं. टोकदार कोपऱ्यातूनच तडा निघतो, तोही कधी काही महिन्यांनी, हॉबच्या उष्णतेने. सांधा हॉब-सिंकपासून दूर आणि बॉक्सच्या उभ्या प्लायवर येईल असा ठेवला.

दगड बसवायला मिस्त्री सवयीने सिमेंटचा मसाला कालवायला लागतात. प्लायवर तो नको, ओलाव्याने प्लायची कड फुगते. सिलिकॉनचे ठिपके पुरतात. दगड वजनानेच बसतो. सांध्यात रंग मिसळलेलं इपॉक्सी भरलं. हे सगळं होईपर्यंत ड्रॉवरचे चॅनेल लावू दिले नाहीत, कारण दगडाची भुकटी त्यांच्या बेअरिंगमध्ये शिरली की ड्रॉवर कायमचा खरखरतो.

टाइल दगडाच्या वर बसवून मधल्या फटीत सिलिकॉन भरलं आणि एक दिवस पाणी लागू दिलं नाही. शटर सर्वांत शेवटी. दगडाच्या भाराने पाय किंचित दबतात आणि शटरच्या फटी तिरक्या दिसायला लागतात. दोन-तीन आठवड्यांनी बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा जुळवून द्यायचे, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या आणि तेवढे पैसे हातात ठेवा, नाहीतर ट्रॉलीवाला फोन उचलत नाही.