अर्थिंग दुरुस्त केले आणि आरसीसीबी पडू लागला

ज्वारी आणि सातूच्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून) गोड अर्क काढण्यासाठी भांड्यात 3 किलोवॅटचा विजेचा हीटर बसवला आहे. मागच्या नोंदीत त्याचे तापमान सांभाळणारी कंट्रोल पेटी पूर्ण झाल्याचे कळवले होते आणि पुढची नोंद थेट अर्काच्या चवीची असेल, असे वचनही दिले होते. ते पाळता आले नाही. जूनचे तीन आठवडे एकाच बिघाडाने खाल्ले, आणि तो बिघाड मे महिन्यातही भांड्यात बसूनच होता, हे कळायला तेवढा वेळ लागला.

मे महिन्यातले अर्काचे दोन्ही घाणे सुरळीत झाले होते. तक्रार एवढीच होती की ओल्या हाताने भांड्याचा कान धरला की बारीक झिणझिण्या येत. वास्तविक तेव्हाच काम थांबवायला हवे होते. परभणीचा उन्हाळा लक्षात घेता अर्थिंगचा खड्डा सुकला असेल असे समजून मी त्यात चार बादल्या पाणी ओतले. फरक पडला नाही. शेवटी खड्डा उकरला तेव्हा मीठ-कोळशाच्या त्या ओलीत क्लॅम्प गंजून गेला होता आणि अर्थची तार नुसती टेकून उभी होती. नवा क्लॅम्प, नवी पट्टी आणि ताजे मीठ-कोळसा घालून काम चोख केले. त्याच संध्याकाळी घाणा लावला आणि तापमान 65 अंशांवर पोचताच घरातला आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला.

संशय साहजिकच एसएसआरवर, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, गेला. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त एसएसआरवर 40 अँपिअर छापलेले असले तरी तो त्याच्या निम्म्याच प्रवाहाचा धरावा, असे माझे मत आहे, आणि 13 अँपिअरवर तो सुमारे 15 वॅट उष्णता स्वतःच सोडत असल्याने जाड हीटसिंकशिवाय तो वापरूच नये. नवा बसवला, आरसीसीबी पुन्हा पडला. पीटी-100 ची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) तार बदलली, पीआयडी (तापमान पाहून एसएसआरला इशारा देणारा नियंत्रक) बाहेर काढून कोरडा तपासला, पेटीतल्या सगळ्या लग पुन्हा दाबल्या. सारे व्यर्थ.

सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट अशी होती की वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण ताकदीने तापवताना काहीही होत नसे, आणि पीआयडीवरचा आउटपुटचा दिवा ज्या क्षणी विझे, नेमक्या त्याच क्षणी आरसीसीबी पडे. प्रवाह चालू असताना गळती नाही आणि बंद केल्यावर गळती, हे गणित दोन रात्री सुटत नव्हते.

तिसऱ्या दिवशी साध्या टेस्टरने ते सुटले. आमच्या स्वयंपाकघरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये फेज उजव्या भोकात असायला हवा, तो डावीकडे निघाला. घर बांधताना वायरमनने तारा उलट्या जोडल्या होत्या आणि मिक्सर-इस्त्रीला त्याचे काही वाटत नसल्याने इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. परिणाम असा की माझा एसएसआर फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता. हीटर चालू असताना त्याच्या एका टोकाला 230 व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य असते. न्यूट्रल तुटला की मात्र दोन्ही टोके 230 व्होल्टवर जाऊन बसतात आणि आवरणातून अर्थकडे जाणारी गळती दुप्पट होते. म्हणजे दिवा विझणे हीच गळती वाढण्याची वेळ होती. मे महिन्यात अर्थची तारच तुटलेली असल्याने त्या गळतीला वाट नव्हती, म्हणून आरसीसीबी गप्प होता आणि झिणझिण्या माझ्या हाताला येत होत्या.

सॉकेट सरळ केले आणि आरसीसीबी पडायचा थांबला. इथे विजय जाहीर करण्याचा मोह झाला होता, परंतु गळती नाहीशी झालेली नसून केवळ निम्मी झाली आहे, हे त्याच गणितातून उघड होते. हीटर काढून मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात नेला. या छंदातले आमच्या भागातले सर्वांत उपयोगी ठिकाण तेच, असे मी आता ठामपणे म्हणेन, कारण ज्या गावात शेतीपंप आहेत त्या गावात मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) असतोच. डिजिटल मेगरवर 0.012 मेगाओहम आले. भागून पाहिल्यास 230 व्होल्टला हे साधारण 19 मिलिअँपिअर होतात; 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. मिस्त्रींनी आकडा पाहिला आणि हीटर माझ्या हातात ठेवत म्हटले, “सर, ह्याच्यात पाणी मुरलंय. भिजल्या मोटारीवानी भाजून काढा.”

हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि तिला ओल फार लवकर धरते. ओल गेली कशी, याचे उत्तर लाजिरवाणे आहे. जाडसर लापशी हीटरवर करपते म्हणून प्रत्येक घाण्यानंतर मी भांडे नळाखाली उलटे करून घासत होतो आणि पाणी टर्मिनलवरून ओघळत होते.

रबरी वॉशर काढून हीटर ओटीजीमध्ये 120 अंशांवर चार तास ठेवला, मेगरवर 1.5 मेगाओहम आले. दुसऱ्या दिवशी 150 अंशांवर आणखी चार तास दिले आणि आकडा 200 च्या वर गेला. तो आकडा मी मिस्त्रींना तीन वेळा दाखवायला लावला. टर्मिनलची तोंडे जास्त तापमान सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद केली आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा कॉन्टॅक्टर आता पेटीत घातला आहे. तो पहिल्याच दिवशी घालायला हवा होता.

चाचणीत 25 लिटर पाणी 31 वरून 65 अंशांवर यायला 31 मिनिटे लागली. व्होल्टेज 198 होते, म्हणजे 3 किलोवॅटचा हीटर प्रत्यक्षात सव्वादोन किलोवॅटच देत होता. पंप सुरू असण्याच्या वेळी आमच्याकडे याहून अधिक अपेक्षा करू नये. ऑटोट्यूननंतर (पीआयडीने स्वतःला जुळवून घेतल्यावर) तापमान 65 च्या फक्त 0.4 अंशाने पुढे गेले. ज्वारीचे पीठ आधी शिजवून 65 वर आणायचे आणि मग सातूचे माल्ट घालायचे, या आपल्या पद्धतीत हा अर्धा अंश मोलाचा आहे, कारण ज्वारीचा स्टार्च फुलायला सत्तरच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता लागते आणि माल्टमधले स्टार्चची साखर करणारे बीटा-अमायलेज तेवढ्या उष्णतेत झपाट्याने मरते. माल्ट घातल्यावर पाऊण तासाने आयोडीनचा थेंब निळा झाला नाही, तपकिरीच राहिला, म्हणजे स्टार्च उरला नव्हता. (अर्क आंबवण्याविषयी पुन्हा विचारणाऱ्यांना तेच उत्तर: 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना ते करता येत नाही, म्हणून आपण गोड अर्कावरच थांबतो.)

यानंतर दुसरा 3 किलोवॅटचा हीटर त्याच भांड्यात बसवण्याचा बेत होता आणि ही नोंद त्याचीच घोषणा करून संपणार होती. करपण्याचा परिच्छेद लिहिताना मात्र लक्षात आले की हीटरने लापशीला स्पर्श करण्याचेच कारण नाही. तो बाहेरच्या मोठ्या पातेल्यात स्वच्छ पाण्यात राहिला आणि घाण्याचे भांडे त्या पाण्यात बसले, तर करपणे, घासणे आणि टर्मिनल भिजणे तिन्ही एकदम टळते. बोअरच्या पाण्याचे क्षार हीटरवर बसतील, पण ते लिंबूसत्वाने निघतात. तापायला वेळ जास्त लागेल आणि पीआयडी पुन्हा ट्यून करावा लागेल, कारण मधल्या पाण्यामुळे प्रतिसाद सुस्तावतो. पीटी-100 आतल्या भांड्यात ठेवावा की बाहेरच्या पाण्यात, हे ठरलेले नाही. दुसऱ्या हीटरची मागणी रद्द केली आहे. बाहेरच्या पातेल्यात हीटरच्या सव्वा इंची आट्यासाठी 42 मिलिमीटरचे भोक लागते. ज्यांनी पातळ स्टीलच्या पातेल्याला होल-सॉने ते पाडले आहे, त्यांनी पत्रा फाटू नये म्हणून मागे लाकूड लावले होते का, तेवढे रविवारच्या आत कळवावे.